नणंदबाईंचं ताजं आभाळ

आमच्या नणंदबाईंनी उभ्या जन्मात शिळी म्हणून एक गोष्ट खपवून घेतलेली नाही, मग ती भाकरी असो, बातमी असो, नवरदेवाचा फोटो असो, नाहीतर डोक्यावरचं आभाळ असो. आभाळ कसं शिळं होईल, असं तुम्ही म्हणाल. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीही असंच म्हणत होते. माझं माहेर बीबी गावचं, शिक्षण डी.एड., नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत; आभाळ वर असतं आणि आपण खाली, एवढ्या ज्ञानावर माझं छान चाललं होतं. नणंदबाईंनी ते सुख मोडून काढलं. आपण मान वर करून बघतो ते आभाळ वेगळं, आणि उपग्रहानं टिपलेलं, मग कुठल्याशा कार्यालयात तीन महिने पडून राहिलेलं, मग अर्जाला उत्तर म्हणून आपल्याला मिळालेलं आभाळ वेगळं, असं त्यांनी मला भाकरी थापताना समजावून सांगितलं. "त्याले आभाळ नाई म्हनत वहिनी," त्या म्हणाल्या, "त्याले आभाळाचं मढं म्हनतात." ऐकता ऐकता माझी भाकरी करपली आणि ती मीच खाल्ली.

नात्यानं त्या आमच्या ह्यांच्या पाठच्या बहीण आणि पेशानं भूगोलाच्या प्राध्यापक. आमचं गाव धामणगाव बढ्याच्या पलीकडं, फाट्यावरून आत. फाट्यावरच दहा खोल्यांचं कॉलेज आहे, तिथं त्या कैक वर्षं शिकवतात. "कधीचं?" हा त्यांचा जगाला पहिला प्रश्न. दूधवाल्यानं कॅन टेकवला की "कधीचं?" शेजारणीनं अमक्याच्या पोरीची सोयरीक जमल्याचं सांगितलं की तोंडभर हसायच्या आत "कधीची गोष्ट?" शेजारीण म्हणाली, परवाची. "परवाची? मंग आतापर्यंत मोडली बी असंन." आणि नशीब पाहा त्या पोरीचं, खरंच मोडली होती. शेजारीण पुढं वर्षभर आमचा उंबरा चढली नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचं घोडंही याच प्रश्नाशी अडलं. स्थळ चांगलं होतं, बँकेतलं. फोटोत केस होते, बघायला आलेल्या माणसाच्या डोक्यावर नव्हते. चहापोहे झाल्यावर मंडळींनी रीतीप्रमाणं विचारलं, मुलीला काही विचारायचं आहे का? नणंदबाईंनी फोटो पुढं धरला आणि विचारलं, "हा कधीचा?" मुलगा बिचारा सरळ होता, म्हणाला, बी.कॉम.च्या वर्षीचा. "मले टकलाचं काई नाई," ह्या शांतपणे म्हणाल्या, "पन जुन्या माहितीवर मी निर्णय घेत नसते." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पुढं जी स्थळं आली ती ताजे फोटो घेऊन आली, आणि ताज्या फोटोंत जे दिसलं त्यानंही गोष्ट पुढं सरकेना. शेवटी सगळ्यांनी नाद सोडला.

आता ते सॉफ्टवेअर. त्याचं नाव इंग्रजी आहे, लांबलचक आहे आणि मला अजून धड घेता येत नाही, म्हणून ते राहू द्या. काम मात्र मला कॉलेजातल्या कुणाहीपेक्षा नीट कळलेलं आहे, कारण मला ते वानवळ्यावरून कळलं. आमच्या झाडाची पहिली सीताफळं उतरली, तुरीच्या शेंगा भरल्या, की घरातल्या कुणी तोंडात टाकायच्या आत नणंदबाई वाटे घालतात आणि चार घरी पोचवून येतात. शेजाऱ्यांनी मागायचं नसतं, आपण नेऊन द्यायचं असतं. ते त्यातलं त्यांच्या शेजाऱ्याला देतात. ते सॉफ्टवेअर हेच करतं. उपग्रह दर अर्ध्या तासानं वरून जमिनीचा फोटो काढतो, ढग, धूर, ऊन, भुईचा ताप सगळं त्यात येतं. तो आधी एका मोठ्या विद्यापीठाच्या यंत्रात उतरतो; ते यंत्र कुणी मागायची वाट न बघता लगेच पुढच्या विद्यापीठाला देतं, ते त्याच्या पुढच्याला. प्रत्येक यंत्रात एक यादी असते, आपण पुढं कुणाला द्यायचं त्याची. झालं, एवढंच. मी हे शेंगा सोलता सोलता बोलले तेव्हा नणंदबाईंनी मला चक्क मिठी मारली. "आठ दिवसाच्या ट्रेनिंगात त्या लोकाईले जे सांगता आलं नाई, ते तुमी दोन शेंगांत सांगतलं," म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी माझी केलेली ही एकुलती एक स्तुती, म्हणून लिहून ठेवते आहे.

हे सगळं विद्यापीठांचं, मग आमच्या फाट्यावर कसं आलं? तर त्याच ट्रेनिंगात वरच्या विद्यापीठातल्या एका भल्या माणसानं आमच्या कॉलेजचं नाव त्यांच्या यादीत 'तात्पुरतं' घातलं. आपल्याकडं तात्पुरतं म्हणून जे उभं राहतं ते कायमच्यापेक्षा जास्त टिकतं. आमच्या फाट्यावरची एस.टी.ची पत्र्याची शेड बघा. तो भला माणूस बदली होऊन गेला, नाव राहिलं. पहिल्या दिवशी पहिला फोटो उतरला तेव्हा दुसरं कुणी असतं तर डोळे भरून बघत बसलं असतं. नणंदबाईंनी आधी आपली पुढं द्यायची यादी उघडली. ती कोरी होती. यादी कोरी आहे म्हटल्यावर त्या बाईला दोन दिवस जेवण गेलं नाही. आठवड्याभरात त्यांनी फोन करकरून तीन कॉलेजं हुडकली. एक मेळघाटाच्या पायथ्याचं, तिथल्या सरांना वणव्यांचा धूर बघायचा होता, एक खानदेशातलं, केळीच्या पट्ट्यातलं, एक जालन्याकडचं. तिन्ही आमच्यासारखीच, पावसाळ्यात वर्गात बादल्या ठेवणारी. तिन्ही नावं यादीत गेली, मग बाईंनी पहिला फोटो नीट बघितला.

यंत्राला प्राचार्यांनी खोली दिली ती खेळाच्या सामानाची. एका बाजूला भाले, दुसऱ्या बाजूला फुटके कॅरम आणि मध्ये आमचं आभाळ. आमच्याकडं वीज पाहुण्यासारखी येते आणि जाते, त्यामुळं एप्रिल महिन्यात एका दुपारी मी पंख्याखाली वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसले असताना पंखा थांबला. बाहेर येऊन बघते तर नणंदबाई आमच्या घरचा इन्व्हर्टर बॅटरीसकट हातगाडीवर चढवत होत्या, आणि गाडी धरून कोण उभं? तर आमचे हे! "अहो, घरात जितीजागती माणसं आहेत!" मी ओरडले. "माणसं घाम पुसू शकतात वहिनी," नणंदबाई दोरी आवळत म्हणाल्या, "यंत्राले घाम बी पुसता येत नाई." आमच्या ह्यांनी गाडी ढकलायला सुरुवात केली. आमचे हे बहिणीपुढं आजवर काही बोललेले नाहीत. इन्व्हर्टर अजून तिथंच आहे. तात्पुरता.

गावाला आधी या खोलीचं फार कौतुक होतं. उपग्रह म्हणजे वरून सगळं दिसणार, असा हिशोब. कुणाची म्हैस हरवली, कुणाची सायकल, सगळे कॉलेजच्या दारात. एकदा दोन सख्खे भाऊ धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद घेऊन आले. थोरला म्हणे धाकट्यानं नांगराची चार तासं माझ्या वावरात घुसवली. धाकटा म्हणे दाखवा वरून, होऊन जाऊ द्या दूध का दूध. नणंदबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा ठिपका दिसते? याच्यात तुमा दोघाईचं वावर हाये, नाला हाये, पाटलाचा बंगला हाये, विहार हाये, मंदिर हाये, झेडपीची शाळा अन् अख्खं गावठान हाये. उपग्रहाले एवढंच दिसते. याच्यात धुरा कुठून काढू?" दोघं भाऊ एकदिलानं बाईंना शिव्या देत घरी गेले. पाटलांना कुणीतरी सांगितलं की तुमचा बंगला आणि विहाराकडची आमची वस्ती एकाच ठिपक्यात आहे, तर ते कितीतरी दिवस नाराज होते. मग सगळ्यांनी ठरवून टाकलं की बाईचं यंत्र बिनकामाचं.

ते मत फिरलं कुरडयांवरून, आणि त्यात माझी पुरती नाचक्की झाली, तीही सांगते. उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या बायका मिळून वाळवणं करतात. त्या दिवशी आमच्या गच्चीवर आणि शेजारच्या दोन गच्च्यांवर कुरडया घातलेल्या, ऊन असं की डोळा उघडेना. दहाच्या सुमाराला नणंदबाई कॉलेजातून स्कूटरवर आल्या आणि खालूनच ओरडल्या, "उचला! खानदेशावरून ढग येऊन राह्यला, दोन तासांत इथं येते!" बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी कंबरेवर हात ठेवून सांगितलं, "काही उचलू नका गं, ह्यांचं रोजचंच आहे." अर्ध्या बायकांनी बाईंचं ऐकलं, अर्ध्यांनी माझं. बारा वाजता अशी सर आली की माझं ऐकणाऱ्यांच्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला. माझ्या स्वतःच्या तर पन्हाळीतून वाहत अंगणात आल्या. त्यानंतर वाळवणाच्या दिवसांत कॉलेजच्या त्या खोलीपुढं सकाळी बायकांची रांग लागायला लागली: "प्राध्यापकबाई, टाकू का आज?" त्यांच्या मागं वीटभट्टीवाला, कच्च्या विटा उघड्या ठेवू की झाकू विचारायला. मला त्या रांगेत उभं राहायची लाज वाटायची, म्हणून मी घरीच विचारून घेत असे.

आणि घात कशानं झाला, तर खरेपणानं. दरवर्षी वरच्या विद्यापीठातून एक तक्ता भरायला येई. त्यात 'उपयोग' असा रकाना असे. जगातली यच्चयावत शहाणी माणसं तिथं 'संशोधन व अध्यापन' लिहून मोकळी होतात. आमच्या बाईंनी लिहिलं: कुरडया वाळवणे, पापड व मिरच्या वाळवणे, कच्च्या विटा झाकणे, वणव्याचा धूर ओळखणे, केळीचे घड वाऱ्याआधी बांधून घेणे. त्यापुढं 'पुढील वितरण' असा रकाना. तिथं बाकीचे रेघ मारत. बाईंनी तिन्ही कॉलेजांची नावं पिनकोडसकट लिहिली. "ताई, इतकं खरं लिहायची काही गरज?" मी विचारलं होतं. "रकाना देल्ला हाये त्याईनं," त्या म्हणाल्या, "रिकामा काऊन ठेवू?" वर्षानुवर्षं ते तक्ते गेले आणि कुणी वाचले नाहीत, त्यामुळं सगळं सुरळीत चाललं होतं. मग तिथं एक नवे समन्वयक आले. दुर्दैवानं ते वाचणारे निघाले.

पत्र आलं. ताजा डेटा केवळ विद्यापीठांसाठी आहे. आपलं महाविद्यालय विद्यापीठ नसलं तरी विशेष बाब म्हणून आपलं नाव यादीत राहू देण्यास हरकत नाही. मात्र आपण तो खालच्या महाविद्यालयांना परस्पर देणार नाही, असं हमीपत्र सही करून द्यावं. त्या महाविद्यालयांनी रीतसर मागणी अर्ज केल्यास पंधरा दिवसांत डेटा देण्याचा विचार होईल. हमीपत्र न आल्यास एक तारखेपासून आपलं नाव वगळण्यात येईल. म्हणजे सही केली तर बाईंचं आभाळ राहणार आणि त्या तिघांचं जाणार. नाही केली तर चौघांचंही जाणार. मी दोनदा वाचलं आणि म्हटलं, यात अवघड काय आहे? "सही करा, आणि द्या त्यांना गुपचूप. कोण येतंय फाट्यावर बघायला?" मी, पोरांना मूल्यशिक्षण शिकवणारी बाई, हे बोलले. नणंदबाईंनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "अन् पुढच्या साली तक्त्यात काय लिवू?" मी म्हटलं, रेघ मारा. त्या उठून गच्चीवर गेल्या. त्या दिवशी घरात आमच्यात शब्दाला शब्द लागला. मी त्यांना हट्टी म्हटलं, त्यांनी मला बीबीची म्हटलं, आणि आमचे हे दोघींच्या मध्ये वरण ओरपत बसले. आता त्यात बीबीनं काय केलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी त्यांनी समन्वयकांची वेळ मागून घेतली. एस.टी.नं मलकापूर आणि तिथून रेल्वे, सोबत मी. डबा धरायला, असं सांगून निघाले. खरं म्हणजे ऐनवेळी त्यांचा हात धरून सही करवून घ्यायला. समन्वयक तरुण होते, वागायला चांगले, खुर्ची द्या, पाणी द्या सगळं केलं. मग तक्ता उघडून म्हणाले, "मॅडम, हे कुरडया म्हणजे... आपल्या त्या खायच्या कुरडया?" शेजारी बसलेले दोघं गालात हसले. "हाव सर," नणंदबाई म्हणाल्या. "उपग्रहाचा डेटा कुरडयांसाठी?" तिघंही हसले. काय झालं मला कोण जाणे, मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठलेच. "साहेब, तुमच्या पानात तळलेली कुरडई येते ना? ती कुणीतरी आभाळ बघूनच वाळवलेली असते. कुठल्याही संशोधनानं ती वाळत नाही." नणंदबाईंनी मला पदराला धरून खाली बसवलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला बरं वाटलं.

साहेब वरमले. "तसं नाही मॅडम, तुमचं काम मोलाचंच आहे. तुमचं काही जात नाही यात, तुम्हाला मिळत राहील. फक्त खालच्यांनी अर्ज करायचा."

"खालचे म्हंजे कोन सर?"

"म्हणजे सिस्टिममध्ये तसं म्हणतात, वरचे, खालचे."

"यंत्राले म्हनू द्या ना. आपन माणसं हाओत."

"बरं, बाकीची महाविद्यालयं म्हणू. त्यांना पंधरा दिवसांत मिळेल, नाही कुठं म्हणतोय मी?"

"सर, वणवा लागल्यावर पंधरा दिवसानं मेळघाटातल्या मानसानं काय पाह्यचं? राख?"

साहेबांनी हमीपत्र पुढं सरकवलं आणि आपलं पेनही. चांगलं, वजनदार पेन होतं. नणंदबाईंनी ते उचललं. त्यांनी त्याचं टोपण लावलं, हमीपत्रावर नीट मध्यभागी ठेवलं आणि दोन्ही त्यांच्याकडं परत सरकवलं. "नियम तुमचा हाये, तुमी पाळा. नाव काटाचं असंन त काटा. पन माया हातानं मी त्याईले बंद करनार नाई." नमस्कार केला आणि बाहेर आल्या. मी मागं डबा सावरत.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. शेगावला गाडी थांबली तशी मी मुद्दाम कचोऱ्या घेतल्या, हाताला चटका बसेल अशा. त्यांनी एक तोडली, वाफ निघाली, आणि त्या एकदम बोलायला लागल्या. "मायी आजी," म्हणाल्या, "दिवसभर गावचं काम करे, अन् दिवस मावळताना टोपलं घेऊन दारोदार उभी राहे. हक्काची भाकर होती ते, कामाची. पन मागा लागे. अन् भेटे ते सकाळची. घरात ताजी असली तरी सकाळचीच देत. बाबा वसतिगृहात गेले शिकायले, तथी त्याईनं पयल्यांदा तव्यावरची भाकर खाल्ली. गरम कशी खातात हे ठाऊकच नोतं, त तोंड भाजून घेतलं. आठ दिवस बोलता ये ना." त्या हसल्या. मी हसू शकले नाही. "नोकरी लागल्यावर बाबांनी घरात शिळं ठेवू देल्लं नाई अन् कोनाले मागू देल्लं नाई. आता मी सही केली असती वहिनी, त त्या तिघाईच्या हातात मीच टोपलं देल्लं असतं. उभे राहा दारात, देतो पंधरा दिवसांनी."

या घरात येऊन इतकी वर्षं झाली. ती आजेसासू मी फोटोतही बघितलेली नाही, आणि सासऱ्यांच्या ताज्या भाकरीच्या हट्टाला मी मनातल्या मनात नावं ठेवत आले होते. दूधवाल्याला विचारलेला प्रश्न, शेजारणीला विचारलेला प्रश्न, त्या बँकेतल्या बिचाऱ्याला विचारलेला प्रश्न, सगळ्यांच्या मी माहेरी जाऊन नकला केल्या होत्या, आणि बीबीत त्या नकला फार गाजल्या होत्या. मला त्या गाडीत इतकी लाज वाटली की मी उगाच डब्याचं झाकण लावत आणि काढत बसले. नणंदबाईंनी दुसरी कचोरी मागितली.

एक तारखेला साडेदहा वाजता फोटो यायचा थांबला. नणंदबाईंनी तिघांना आदल्या दिवशीच फोन करून सगळं सांगितलं होतं, आपलं नाव वगळलं जाणार हेही आणि अर्ज कसा करायचा हेही. खानदेशातल्या सरांनी अर्ज केला. मी त्यांना नाव ठेवत नाही, केळी उभी होती. उत्तर अजून यायचं आहे. जालन्याकडच्या मॅडम म्हणाल्या, तुम्ही नाही तर आम्हीही नाही. मेळघाटाच्या सरांनी नुसतं विचारलं, "मॅडम, आमच्यापायी तुमचंही गेलं ना?" तेव्हा नणंदबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि खोलीबाहेर निघून गेल्या. मी म्हटलं, "सर, जेवलात का?"

तेव्हापासून रोज सकाळी कॉलेजच्या गच्चीवर उभ्या राहून त्या चारी दिशा बघतात आणि फोनवर तिघांना सांगतात: पश्चिमेला पांढरे, वारा असा, हवा कोंडलेली. ते तिघं आपापल्या गच्चीवरून सांगतात. डोळ्यांना दिसतं ते किती? गावशीव, फार तर पुढचा डोंगर. बायका अजून येतात, वाळवणाचे दिवस आहेत. नणंदबाई त्यांना खोटा धीर देत नाहीत. "मले दिसते तेवढंच सांगते बाई, पलीकडचं आता ठाऊक नाई," म्हणतात. मागच्या आठवड्यात पलीकडच्यानं दगा दिला आणि दोन गच्च्यांवरचं सगळं भिजलं. कुणी बाईंना बोल लावला नाही. वीटभट्टीवाल्यानं तर येऊन विचारलं, बाई, त्या साहेबाचा पत्ता द्या, आम्ही सगळे जाऊन येतो. बाईंनी दिला नाही. परवा मी त्यांच्यासोबत गच्चीवर उभी होते, तेव्हा न राहवून विचारलंच, "ताई, खरं सांगा. सही केली असती तर?"

त्यांनी डोळ्यांवरचा हात काढला नाही. "त मले दिसलं असतं," म्हणाल्या. "मले एकटीले."

दोन वर्षांनी त्या निवृत्त होतील. केस पांढरे झालेत, आणि मान वर करून बघताना आताशा त्यांना चक्कर येते म्हणून मी मागं उभी राहते. वर कुठंतरी तो उपग्रह दर अर्ध्या तासानं आमच्याकडं बघतच असणार. त्याचा फोटो कुठल्यातरी यंत्रात उतरत असणार, कुणाच्या तरी यादीतून पुढं जात असणार, आणि त्यात कुठंतरी आम्ही दोघीही असणार. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या विद्यापीठांत, कुणीतरी एकानं आपली यादी उघडावी आणि या बाईचं नाव तिच्यात घालावं, असं मला रोज वाटतं. त्या मागायला जाणार नाहीत.